धकातेजींचे थेंब

धकातेजींची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या पायांपासून.

सक्करदऱ्याला आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी सहाला मी सडा टाकायला बाहेर आले. शेजारच्या फाटकाशी एक जुनी पांढरी मोटार उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. अनवाणी. जरासुद्धा हलत नव्हते. माझ्या हातातली बादली सुटली. "माय वं! माणूस मेला! गाडीखाली माणूस मेला!" मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, माझा आवाज मैदान ओलांडून जातो. गल्ली जमा झाली. कोपऱ्यावरच्या पानठेल्याचा गुड्डू हातात चुन्याची काडी घेऊन धावत आला. मी पुढे झाले, तर पायच बोलले.

"ओरडू नका वं बाई. थेंब मोजून राहिलो. आकडा चुकते."

लोक निमूट आपापल्या घरी गेले. कुणालाच काही वाटलं नाही. मी एकटीच भिजलेल्या साडीत तोंड उघडं टाकून उभी होते.

तर असे हे धकातेजी. वय सत्तरीच्या पुढे, अंगावर मांस म्हणून नाही. त्यामुळे गाडीला जॅक न लावता सरळ खाली सरकायचे. रोज झोपण्याआधी इंजिनाच्या तोंडाखाली पांढऱ्या धोतराचं धुतलेलं फडकं अंथरायचं आणि सकाळी त्यावर पडलेले तेलाचे थेंब मोजायचे, हा त्यांचा नेम. मग पानठेल्यावर जाऊन गाडीच्या तब्येतीची बातमी द्यायची. "आज सतरा. जराशी नाराज हाये." किंवा, "अकराच! काल थंडी पडली ना, तेल घट्ट झालं." घरातल्या माणसाचा ताप सांगावा तसं सांगायचे.

दुखणं काय होतं तेही मला त्यांनीच समजावलं, मी विचारलेलं नसताना. इंजिनाच्या तोंडावर एक झाकण असतं. आत साखळी फिरते, तिच्या तालावर सगळं इंजिन चालतं. त्या झाकणाला टायमिंग कव्हर म्हणतात. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये पापडासारखं कागदी गॅस्केट. तो पापड जुना झाला, जळला, की तेल गळायला लागतं.

"मग बदलून टाका ना!" मी म्हणाले.

"घाई केली का सूत तुटते, मास्तरीणबाई."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कशालाही लावायचे. घराणं उमरेडचं, विणकरांचं. लहानपण मागाच्या खड्ड्यात पाय सोडून गेलेलं, पुढे गिरणीत फिटर झाले, पण डोक्यातला माग काही थांबला नाही. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सुताची गुंडी. मोजायचं ते सुतानं. एकदा आमच्याकडे फोटोची फ्रेम लावायची होती, मी चुकून त्यांना बोलावलं. खिळा एक, वेळ लागला दीड तास! सूत लावून भिंत आडवी मोजली, उभी मोजली, तिरपी मोजली. फ्रेम मात्र अशी सरळ लागली की भिंतच वाकडी दिसायला लागली. "भित वाकडीच हाय तुमची," असं सांगून, चहा पिऊन गेले. त्या दिवसापासून मला घरात सगळंच कललेलं दिसतं.

माझं त्यांच्याशी भांडण होतं ते रांगोळीवरून. पावसाचं पाणी आलं की त्यांच्या गाडीचं तेल वाहत माझ्या दारात यायचं. मी भांडायचे, ते ऐकून घ्यायचे, आणि शेवटी तेच सूत. आमचे हे म्हणायचे, "कशाला तोंडी लागतेस त्यांच्या?" पण मला राहवायचं नाही. आणि खरं सांगू? रांगोळीपेक्षा मला खुपायचं ते वेगळंच.

रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला धकातेजी गाडी पुसायचे, मागचं दार उघडून अदबीनं उभे राहायचे, आणि त्यांच्या बायको शकुंतलाबाई बाहेर यायच्या. इस्त्रीची सुती साडी, मांडीवर ठेवायला एक पिशवी. आमच्याकडे बघायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. मागच्या सीटवर एकट्या बसायच्या आणि धकातेजी पुढे ड्रायव्हरसारखे. सक्करदऱ्याच्या तलावाला दोन चकरा मारून अर्ध्या तासात परत. उन्हाळा असो, पाऊस असो, सणवार असो. एकदा धकातेजींना ताप होता तरी गेले. आता तुम्हीच सांगा, माणसाचा संताप होणार की नाही? गॅस्केट बदलायला हात आखडतो आणि महाराणीला रोज हवा खायला न्यायचं! उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी हे भिंतीवरून त्यांना ऐकू जाईल असं बोललेसुद्धा आहे. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, हेही जोडलं. धकातेजींनी फक्त फडकं झटकलं.

मागच्या दिवाळीच्या आधी आकडा एकेचाळीसवर गेला. त्या सकाळी ते पानठेल्यावर गेलेच नाहीत, माझ्याच फाटकाशी आले. चेहरा उतरलेला.

"आता नाई चालत, मास्तरीणबाई. तेल पार खाली उतरलं. रस्त्यात इंजिन जाम झालं तं मंग सारंच गेलं. उद्या खोलतो. सहाले सुरू करतो, पाचच्या आत झालं पायजे."

"पाचच्या आतच का? दोन दिवस लावा की!"

"नाई जमत," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खरंच सहाला सुरू झालं. बाजारात त्या गाडीचं गॅस्केट मिळेना, म्हणून त्यांनी गॅस्केटचा कागद आणून ठेवला होता. आधी रेडिएटर निघाला, मग पंखा, मग पट्टा. पुढच्या पुलीचा नट मात्र निघेना. तासभर त्याची मनधरणी चालली. "ये बाप्पा, ये. काहून रुसून राहिला? तीस वर्षं बसलास ना एका जागी?" शेवटी पान्याला लांब पाइप लावून आणि गुड्डूला त्या पाइपावर लटकवून नट सुटला. नट सुटला त्या आनंदात गुड्डूही आडवा पडला. अकराला झाकण हातात आलं. ते घासून, त्यावर कागद ठेवून, छोट्या हातोडीनं कडेकडेनं ठोकत धकातेजी नवा पापड कापायला बसले. टकटक, टकटक.

आणि इथे मी शिरले.

माझी दिवाळीची साफसफाई चालली होती. समया, निरांजनं, तांब्याची भांडी चिंच लावून घासत मी अंगणात बसले होते. वर पाहिलं तर आमच्या नव्यानं रंगवलेल्या, दोन अंगणांमधल्या भिंतीवर मिठाईच्या खोक्याचं एक काळंकुट्ट झाकण. त्यावर पेन्सिलीनं काहीतरी वेडंवाकडं काढलेलं आणि त्यात खोचलेले तेलकट बोल्ट. माझं डोकं फिरलं. दिवाळीच्या तोंडावर माझ्या भिंतीवर हा गाळ! आणि मग, माणूस वाईट नाही हो मी, मनात आलं, म्हातारा सकाळपासून राबतोय, बोल्ट तेवढे स्वच्छ करून देऊ. अकराच्या अकरा उपसले, समयांबरोबर चिंचेत टाकले, घासले, लखलखीत केले. खोक्याचं झाकण कचरागाडी आली तीत टाकून दिलं. आणि ताटलीत बोल्ट मांडून, वर फराळाच्या दोन करंज्या ठेवून मी मोठ्या दिमाखात शेजारी गेले.

"घ्या धकातेजी! कसे चमकतात बघा!"

त्यांनी ताटलीकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. मग एकदम खाली बसले.

"बाई," ते म्हणाले, "कोणता कुठला होता?"

"म्हणजे?"

"तीन मापाचे हायेत ना ते. मी त्या खोक्यावर इंजिनाच्या झाकणाचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचले होते. लांबवाला आखूड भोकात गेला तं बिडाचं लोखंड फुटते. इंजिनच फुटते, बाई."

करायला गेले गणपती आणि झालं माकड! माझ्या हातातल्या करंज्या मला दिसेनाशा झाल्या. त्यांनी शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. पण हा माणूस उठला, केरसुणीची एक काडी मोडली आणि एकेका भोकात घालून, खोली सुतानं मोजून, बोल्टाशी जुळवायला लागला. भोकात जुनं तेल, जुना गाळ. आधी ते साफ करायचं, मग मोजायचं, मग पुन्हा मोजायचं. मी शेजारी बसून काड्या मोडून देत होते. ते सारखे घड्याळ बघत होते. सूत दोनदा तुटलं.

पाचला पाच मिनिटं होती. झाकण अजून बाहेरच होतं. आणि दार उघडून शकुंतलाबाई आल्या. इस्त्रीची साडी, हातात पिशवी. सरळ धकातेजींपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मले उमरेडले सोडून देता का? माय वाट पाहून राहिली."

भाऊ? नवऱ्याला भाऊ? मी एकदा बाईंकडे बघते, एकदा धकातेजींकडे बघते. धकातेजी मात्र हात पुसत सवयीनं उठले.

"देतो ना, बाई. बसा. पाच मिनिटं."

त्या मागे बसल्या. धकातेजी मला बाजूला घेऊन गेले आणि खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता बोलले.

"दोन वर्षं झाले. पाच वाजले का तिले माहेरी जायाचं असते. तलावाले चक्कर मारून आणली, आलं उमरेड म्हटलं, का शांत होते. ऑटोत बसत नाई, लेकाच्या गाडीत बसत नाई, किंचाळते. ह्या सीटांवरचं कापड तिनंच विणलं ना मागावर. माणूस नाई ओळखत ती, गाडी ओळखते. एक दिवस गाडी बंद होती तं पायी निघून गेली. तलावाच्या पायऱ्यांवर सापडली. पाण्याजवळ. म्हणून खोलत नव्हतो मी."

मला लाज वाटली. इतकी वाटली की त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर मी खुशाल आत गेले असते. वर्षभर त्या बाईला मी महाराणी म्हणत होते!

तेवढ्यात गाडीच्या आतून आवाज आला, "भाऊ, उशीर होऊन राहिला ना!" आणि दाराची कडी खटखटायला लागली. त्या उतरू पाहत होत्या.

"चाकं तर आहेत ना गाडीला?" मी विचारलं. "तुम्ही पुढे बसा."

मग माझा तो मैदान ओलांडणारा आवाज एकदा तरी कामाला आला. गुड्डू आला, पानठेल्यावरची चार गिऱ्हाइकं आली, आमचे हे बनियनवर आले. धकातेजी स्टिअरिंगवर बसले आणि आम्ही सात जणांनी, तोंडावर झाकण नसलेली, पोटात रेडिएटर नसलेली ती गाडी ढकलायला सुरुवात केली. आमची गल्ली घरांच्या रांगेला वळसा घालून परत तिथेच येते. तेवढंच उमरेड.

"भाऊ, आज गाडी आवाज नाई करून राहिली?"

"दुरुस्त केली ना, बाई. आता चूप चालते."

"आन् हे लोकं काहून पळून राहिले मागं?"

"तुमाले पोचवाले आले."

शकुंतलाबाईंनी मागच्या काचेतून आमच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. वर्षभरात पहिल्यांदा त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी धापा टाकत होते, तोंडात पदर कोंबून रडत होते, आणि ढकलत होते. वळणावर धकातेजींनी न चुकता हॉर्न वाजवला.

फाटकाशी गाडी थांबली. ते उतरले, दार उघडून अदबीनं उभे राहिले. "आलं उमरेड, बाई."

त्या उतरल्या. घर खालून वर बघितलं, समाधान झालं. पायऱ्या चढून दाराशी गेल्या आणि वळल्या.

"लई उपकार झाले, भाऊ. इतक्या दूर आले तं च्या पिऊन जा."

धकातेजी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "रोजच बोलावते." मग आपल्याच पायरीवर त्यांनी चपला काढल्या, नीट जोडून एका बाजूला ठेवल्या, तेलाचे काळे हात पाठीमागे लपवले आणि दारात उभे राहून विचारलं, "येऊ का आत?"

"या ना," शकुंतलाबाई म्हणाल्या. "लाजता काहून? आपलंच घर समजा."