देवस्थळींची डावीकडे ओढणारी गाडी

आमच्या शेजारचे देवस्थळी काका चालत्या गाडीचं स्टिअरिंग सोडून हात मांडीवर ठेवतात. चुकून नव्हे, मुद्दाम. विश्रांतवाडीत सकाळी जरा मोकळा रस्ता मिळाला की हात मांडीवर, नजर समोर. पहिल्यांदा मी किंचाळले, तेव्हा म्हणाले, "ओरडू नका, सुनंदाबाई. कुठे जातेय ते बघा."

गाडी डावीकडे जात होती. हळूहळू, कुणी बाही धरून ओढावं तशी.

"रस्त्याला उतार असतो, काका."

"असेल. उताराला भाजीवाली बरी दिसते मग!"

समोर खरंच भाजीवाली होती. काकू असताना तिच्यापाशी हमखास "डावीकडे घ्या" व्हायचं.

काका भलते काटेकोर. दुसऱ्याच्या दारातलं पायपुसणंही सरळ करतात आणि वर विचारतात, "तुमच्याकडे असंच असतं वाटतं?" व्हील अलाइनमेंटचं तर वेडच. जरा मोठा खड्डा बसला की चालले चाकं सरळ करून घ्यायला. तेही काकूंसकट. "रिकाम्या गाडीचं माप खोटं," हा त्यांचा सिद्धान्त. गाडी रॅम्पवर चढवलेली आणि काकू आत डाव्या सीटवर बसून मटार सोलतायत, हे दृश्य मी स्वतः पाहिलंय.

काकूंना जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून अलाइनमेंट बंद आणि डाव्या सीटवर कुणी बसायचं नाही. मी मागे बसते. लोक काकांना माझा ड्रायव्हर समजतात. निघताना मात्र ते डावं दार उघडतात, जरा थांबतात, मग लावतात. पदर अडकू नये इतक्या जपून. आमचा वॉचमन तेवढ्यापुरता दुसरीकडे बघतो.

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा हिंजवडीहून आला. गाडी चालवून पाहिली आणि उतरून म्हणाला, "बाबा, ही सरळ करून घ्या, नाहीतर मी विकून टाकतो. एक दिवस फुटपाथवर चढाल." बरोबरच होतं त्याचं. काकांनी मला गॅरेजमध्ये सोबत नेलं.

कारागिराने चाकांना यंत्र लावलं. "बरीच गेलीय, काका. करतो सरळ."

"आतल्या माणसासकट करा."

कारागिराने रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

"आत कुणी नाहीये, काका."

काकांनी डावं दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग म्हणाले, "गाडी तरी राहू दे. करा."

काम झाल्यावर कारागीर एकटाच चक्कर मारून आला. गाडी शेडमध्ये लावत म्हणाला, "एकदम सरळ. हात सोडला तरी हलत नाही." मग तो आणि काका चाकांपाशी बोलत उभे राहिले. बऱ्याच वेळाने निघायची वेळ आली, तेव्हा मी सवयीने मागचं दार उघडलं.

"पुढे बसा," काका म्हणाले. "आता जागा आहे."

आवाज नेहमीसारखाच कोरडा. पण डावं दार त्यांनी स्वतः उघडून धरलं.

मी पुढे बसले. सीट कोमट होती. नुकतंच कुणीतरी उठून जागा करून दिल्यासारखी. शेडमध्ये ऊन नव्हतं आणि कारागीर तर ड्रायव्हरच्या सीटवर बसून गेला होता. मला असल्या गोष्टी पटत नाहीत.

मी उतरले आणि मागे जाऊन बसले.

"काय झालं?" काकांनी आरशातून विचारलं.

"पुढे जागा नाही," मी म्हटलं. "चला."