नानांना पास चालत नाही

नाना भाजीवाल्याला वांग्यांचा भाव विचारतात, तेव्हा मला लांब उभं राहावंसं वाटतं. मधेच दुसरं गिऱ्हाईक बोललं आणि भाजीवाला तिकडे वळला, तर नाना पुन्हा विचारत नाहीत आणि हलतही नाहीत. उत्तर येईपर्यंत पिशवी धरून तिथेच. मागचे लोक कुरकुरतात. शेवटी भाजीवालाच घाबरून भाव सांगतो.

जळगावात मी नानांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहतो. मी शिरपूरकडच्या खेड्यातला, आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. नाना रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी मला ब्रिज शिकवला. आमच्या गावात पत्ते म्हणजे जुगार, म्हणून घरी मी नाना गणित शिकवतात असं सांगितलं आहे. ते अगदीच खोटं नसावं.

ब्रिजमध्ये समोरासमोरचे दोघे जोडीदार. आधी बोली लागते. हुकूम कुठला आणि हात किती, हे आळीपाळीने बोलायचं, नाहीतर 'पास' म्हणायचं. पण काही बोलींवर जोडीदाराला पास म्हणता येत नाही. त्यांना फोर्सिंग म्हणतात. मध्ये विरोधी जोडी बोलली तर ती बोली फोर्सिंग राहते का, यावर क्लबात चहा गार होईपर्यंत वाद चालतो. नानांचा कायदा एकच, "मधमा कोनीबी बोलो, मी नवा रंग बोलनू ना, मंग तुले गप बसता येवाव नही."

धुळ्याच्या स्पर्धेची नाना वर्षभर वाट बघत होते. आम्ही शेवटच्या डावापर्यंत पोचलो, याचाच मला धक्का बसला होता. मी एक चौकट म्हटलं. विरोधकांपैकी एक जण एक इस्पिक म्हणाला. नाना म्हणाले, दोन बदाम. पुढचा पास. माझे पत्ते हलके होते. मला वाटलं, मध्ये इस्पिक आलं म्हणून नाना नुसते झुंजताहेत. मी पास म्हटलं.

चालत्या गाडीची साखळी मी उगाच ओढली असावी, तसं नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग नियमाप्रमाणे माझे पत्ते टेबलावर मांडून मी नुसता बघत बसलो. नानांनी दहा हात केले. चार बदामांची, म्हणजे सहावर चार अशी दहा हातांची बोली लागली असती तर आम्ही जिंकलो असतो. दोनवर थांबलो, गुण कमी पडले आणि हरलो.

परतताना एसटीत नाना खिडकीशी बसले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. शेवटी मीच विचारलं, चिडलात का? खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "बठ्ठा बोलेत, पन मी तुनासंगेच बोली राह्यंतू." सगळे बोलले, पण त्यांचं बोलणं माझ्याशीच होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. दुसरा जोडीदार बघा, असं सांगणार होतो. नाना आतल्या खोलीत होते. त्या खोलीत मी कधी गेलो नव्हतो. त्यांच्या बायकोला, अक्कांना, लकवा झाल्याचं ऐकलं होतं. पण बोलणंही इतकं गेलं असेल असं वाटलं नव्हतं. मी दारातच थबकलो.

नाना पलंगाशी वाकून विचारत होते, चहा की दूध? बोदवडहून आलेले अक्कांचे भाऊ लगेच म्हणाले, दूधच द्या, तिला आता काय कळतंय.

नानांनी हात वर केला. "थांबा. मी तिले इचारेल शे."

स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन चरचरलं, करपल्याचा वास आला, तरी नाना उठले नाहीत. अक्कांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. बऱ्याच वेळाने कसाबसा एक 'च' बाहेर आला.

"चहा," नाना म्हणाले, जणू चार बदाम लागले होते. उठता उठता त्यांनी मला पाहिलं. "रेल्वे क्वार्टरमा हाई मनी ब्रिजनी पहिली जोडीदार," अक्कांकडे बघत ते म्हणाले. "आजूनबी पास म्हनत नही." मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "रविवारे खेळशी का?"

मधेच अक्कांचे भाऊ दुधाचं काहीतरी म्हणाले. मी त्यांचं संपायची वाट पाहिली नाही.

"खेळतो, नाना."