फिनिशिंगचं मरण

मुश्ताकभाय दर शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला मरतात आणि आठला कॅम्पच्या मेसमध्ये येऊन दुसऱ्यांदा डाळ मागतात.

सौदीतल्या राबिघच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात जत्रा भरते. जुन्या काळी या मुलखात आलेल्या रोमन फौजेची लढाई तिथं लोकांना करून दाखवतात. फौजेत नेपाळी, फिलिपिनो आणि आमचे दापोलीकडचे मुश्ताकभाय. एरवी ते एसीच्या डक्टचे कारागीर. जत्रेवाल्यांनी दिलेलं प्लास्टिकचं चिलखत बघून हा माणूस दोन दिवस नीट जेवला नाही. शेवटी डक्टच्या उरलेल्या पत्र्यातून त्यांनी अख्ख्या फौजेला चिलखतं करून दिली. "काय पन करा, फिनिशिंग हवी!"

रोमन सैनिक डोक्यावर ढाली जोडून कासव करतात. मुश्ताकभाय त्याच्या आत टॉर्च लावायचे आणि मला बाहेर उभं करायचे. "दिन्या, कुठं उजेड दिसतो काय?" डक्टचे सांधे असेच तपासतात. ज्याच्या ढालीतून उजेड दिसेल त्याची धडगत नसे.

मरणही तसंच. आधी गुडघा, मग ढाल, मग अलगद आडवं. जीव गेला तरी चालेल, पत्र्याला पोचा येता कामा नये.

गेल्या शुक्रवारी मात्र त्यांनी माझ्या हातात फोन दिला. "अम्मी गावातून व्हिडिओवर बघणाराय. आज मी मरणार नाय."

"मुदीर काढून टाकेल तुम्हाला!" मुदीर म्हणजे तिथला मॅनेजर. चिलखत परत द्यावं लागलं तर हा माणूस अंथरूण धरेल, हे मला ठाऊक होतं.

"काढू दे. अब्बा ह्याच मुलखात गेले. अम्मीला नुसता फोन आला, तोंड पन बघायला नाय मिळालं. आता पोरगा पडलेला दाखवू तिला? खोटा असला म्हणून काय झालं?"

लढाई झाली. अरब घोडेस्वारांनी फौज कापून काढली, सगळे वाळूत आडवे. मुश्ताकभाय उभे. एका घोडेस्वारानं तीनदा तलवार मारली. मुदीर "खलास! खलास!" ओरडून दमला. लोकांनी मात्र टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हा तोही टाळ्या वाजवायला लागला. मी फोन उंच धरून ठेवला.

खेळ संपल्यावर त्यांनी धापा टाकत फोन घेतला. "बघितलंस, अम्मी?"

"बघितलं की. बाकीचे खुशाल पसरलेत, आणि तू एकटाच उभा! पाय दुखले असतील बाळा. बस बघू आधी."

मुश्ताकभाय धपकन खाली बसले. चिलखत ढालीवर आपटून चांगला पोचा आला. त्यांनी तिकडे बघितलंही नाही.