हलाय थांबवायचा कोणी

यंत्राला ताल शिकवला, पण डोळे द्यायचे राहून गेले, हे कोरायच्या भर लग्नात लक्षात आलं.

लग्न त्याचं नव्हतं. पण त्याचं लग्न ह्या लग्नावर अवलंबून होतं. "माझ्या पुतण्याच्या लग्नात वाजवून दाखव, मग मुलीचं बघू," असं गुलिझारच्या वडिलांनी, झुल्फिकारआगांनी, बजावलं होतं. म्हणून तुर्कस्तानातल्या सिवासजवळच्या त्या गावातल्या ढोल-सनईवाल्यांना घरी बसवून कोराय लॅपटॉप, दोन स्पीकर आणि आजोबांचा लांब दांड्याचा, तारा छेडून वाजवायचा बाग्लामा घेऊन हजर झाला. लोकसंगीताला त्याला नवं आयुष्य द्यायचं होतं. लोकसंगीताने ते मागितलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

सुरुवात झकास झाली. करंगळीत करंगळी अडकवून चाळीस माणसं हलाय नाचू लागली. रांगेच्या एका टोकाला रुमाल फिरवणारे झुल्फिकारआगा, दुसऱ्या टोकाला नवरीचे मामा, बेक्ताश. हलायचा वेग हळूहळू वाढतो, म्हणून कोरायने दर फेरीला ताल आपोआप जलद होईल अशी सोय केली होती. ढोलवाला नाचणाऱ्यांचे पाय बघतो आणि वेळेवर आवरतं घेतो. लॅपटॉपला तसली वाईट सवय नव्हती. सातव्या फेरीला त्याचा पडदा गोठला. ताल मात्र चालूच राहिला.

कोरायने स्पीकरच्या वायरीला हात घातला.

"काय रे पोरा," बेक्ताशमामा धापा टाकत म्हणाले, "सासरा दमला वाटतं?"

"हात लावू नकोस," झुल्फिकारआगा गुरगुरले. "आमच्या बाजूने हार मानली म्हणतील."

"मामा, मग तुम्ही तरी सांगा बंद करायला."

"आम्हाला कुठे घाई आहे?"

आधी आत्या गळाल्या. मग तरुण मंडळी चहाच्या निमित्ताने सटकली. नवरदेव तर स्वतःच्याच लग्नातून पसार झाला. उरले दोन साठीचे गृहस्थ, एकमेकांची करंगळी धरून खानदानाच्या अब्रूसाठी बेडकासारखे उड्या मारत. शेवटी बेक्ताशमामा भाताच्या कढईशेजारी बसले. कोसळले म्हणायला हवं, पण पाहुण्यांबद्दल असं बोलू नये.

कोरायने वायर उपटली.

थोड्या वेळाने झुल्फिकारआगा गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. कोराय मान खाली घालून समोर उभा राहिला.

"काका, चुकलं माझं."

"आधी कोण बसलं?"

"मामा."

"सगळ्यांनी बघितलं?"

"बघितलं."

"मग मुलगी दिली."

कोराय त्यांच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकला. "काका, आमच्या लग्नापर्यंत यंत्र दुरुस्त करून ठेवतो."

"खबरदार दुरुस्त केलंस तर," आगा म्हणाले. "गुलिझारच्या आईचे चार भाऊ यायचे आहेत."