‘कब’पाशी थांबलेलं घराणं

एका जंगलात एक नावाजलेलं घराणं होतं. गाण्याचं. त्यातलं सगळं गाणं एकाच तबकडीत होतं, आणि ती तबकडी घराण्याचे प्रमुख बकबुवा बगळे यांच्या ताब्यात होती.

मुलांनो, तबकडी म्हणजे काळी, गोल, भाकरीएवढी. चावीच्या यंत्रावर ठेवायची, वर सुई टेकवायची, की मेलेलं पाखरू गायला लागतं. या तबकडीत हळदाबाई गात होत्या. असा गळा पुन्हा झाला नाही, असं म्हातारी मंडळी सांगत. तबकडी इतकी झिजली होती की आधी खरखर, मग खरखर, आणि मधूनमधून हळदाबाई.

बंदिश होती, ‘सुन री परोसन, कब’. इथं सुई अडकायची. कब, कब, कब, कब. चौथ्या ‘कब’ला बकबुवा सुई उचलायचे. संपली बंदिश.

शिष्य हेच शिकत. वर्षभर घशातून खरखर काढायची. मग चार वेळा ‘कब’. मग उजवा पंजा सुई उचलल्यासारखा अलगद उचलायचा. परोसन म्हणजे परमात्मा आणि चार ‘कब’ म्हणजे चार युगं, असं परिसंवादात ठरलं होतं. एका रानडुकराला त्यावर डॉक्टरेट मिळाली होती.

झिपरी नावाच्या खारीने तिसऱ्या वर्षी विचारलं, कब काय? पुढे काहीतरी असेल ना?

तिला त्याच दिवशी विद्यालयातून काढलं. तिला त्याचं दुःख नव्हतं. पण ते अर्धं वाक्य डोक्यात खड्यासारखं रुतून बसलं. गायला तोंड उघडलं की ‘कब’ला ठेच लागायची. पुढचं कळल्याशिवाय आपल्याला कधीच गाता येणार नाही, हे तिला कळून चुकलं.

मग तिने दोन वर्षं जंगल पालथं घातलं. तडकलेल्या तबकड्या सापडल्या, उन्हाने पापडासारख्या वाकलेल्या सापडल्या. शेवटी अस्वलाच्या भंगारात मधाच्या मडक्यावर झाकण म्हणून एक दिसली. हळदाबाईच. तीच बंदिश. सुई कधी टेकलेलीच नाही. अस्वल म्हणालं, दुसरं झाकण आण आणि घेऊन जा. तिने फरशीचा तुकडा आणून दिला.

मध पुसून तिने ती अस्वलाच्याच यंत्रावर लावली. तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या. डग्ग्यावर तळहात घासला, तोही ऐकू आला. हळदाबाईंनी श्वास घेतला. ‘सुन री परोसन, कब लौटावे मोरी थारी.’

शेजारणीने नेलेली थाळी. ती कधी परत करतेस, एवढंच हळदाबाई विचारत होत्या, पण अशा सुरात की अस्वलाने घरात कुणाची थाळी राहिलीय का ते जाऊन पाहिलं. झिपरी रडली. मग तिने ती ओळ सबंध गायली, ठेच न लागता.

इथंच थांबली असती तर बरं होतं. पण वय लहान. तिला वाटलं, म्हाताऱ्यांना आनंद होईल.

तिने भर सभेत तबकडी लावली. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

“खरखर कुठाय?” बकबुवांनी विचारलं.

“नाहीच आहे, बुवा. गाणं आहे.”

रानडुक्कर म्हणालं की थाळी प्रक्षिप्त आहे. कुणी म्हणालं, हळदाबाई असं घरगुती काही गाणार नाहीत. बकबुवांनी मात्र मन मोठं केलं. तबकडी अस्सल आहे, म्हणाले, फक्त सदोष आहे, आणि दोष दुरुस्त करता येतो.

दुरुस्तीचा मान सर्वांत ज्येष्ठ म्हणून कासवअण्णांना मिळाला. हळदाबाईंना समोर बसून ऐकलेले तेवढे एकच उरले होते. झिपरी आडवी आली, तेव्हा दोन माकडांनी तिला धरलं. अण्णा आले. वाकून पाहिलं. उजवा पाय उचलला आणि तबकडीवर तिरका दाबून ओढला. चर्रर्र.

यंत्र पुन्हा फिरवलं. कब, कब, कब, कब. सभा गहिवरली.

“अण्णा, नेमकी जागा कशी कळली तुम्हाला?” झिपरीने विचारलं.

अण्णा तिच्या कानाशी आले. “पहिल्या तबकडीवरही माझाच पाय पडला होता, बाळ. चुकून.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“सांगणारच होतो. पण तेवढ्यात पहिली वाहवा आली.”

तात्पर्य : थोरांचा पाय जिथं पडला, तिथंच थांबावं. पुढे गाणं असतं.