लंगोट्या, भाग दोन

प्रभाकरने स्वतःचं नाव सांगण्याआधी मला भर बाजारात गटारावरून चार वेळा उडी मारायला लावली होती. मी खोडाळ्याच्या बाजाराला गेलो होतो. हातात सुक्या बोंबलांची पिशवी होती आणि मी आपलं सहज गटार ओलांडलं. मागून हाक आली, "भाऊ, परत एकदा." काही पडलं की काय म्हणून वळून बघतो तर एक किडकिडीत, चष्मेवाला माणूस माझ्यावर मोबाइल रोखून उभा. म्हणाला, "तुमचं पोट नंतर खाली येतंय. ते नीट दिसलं नाही."

दुसऱ्या कुणी दोन शब्द सुनावले असते. मी उडी मारली. का मारली ते मला आजही सांगता येणार नाही, पण प्रभाकर काही मागतो तेव्हा नाही म्हणायचं माणसाच्या लक्षातच येत नाही. चौथ्या उडीला बोंबील गटारात गेले आणि आमची दोस्ती झाली.

प्रभाकर पाण्याच्या जळलेल्या मोटारी बांधतो. काळी पडलेली तार काढायची आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजून मोजून भरायचे, हा त्याचा धंदा. पुढे त्याने जव्हारला माझ्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारचाच गाळा घेतला. इंटरनेटसाठी घेतला असा माझा संशय आहे. तिथेच काम, तिथेच मुक्काम. लग्न केलेलं नाही. दुपारी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी हक्काने घेतो आणि भाजी तोंडात घालून म्हणतो, "एक वेढा कमी पडतोय." चहा पांचट असला की एक वेढा कमी, पुढाऱ्याचं भाषण रंगलं नाही की एक वेढा कमी. त्याच्यासाठी मी एक स्थळ आणलं होतं. मुलगी बघून आल्यावर तो म्हणाला, "तिच्यात काही कमी नाही, भाऊ. माझ्यातच एक वेढा कमी पडतोय."

पण मोटारी हा नुसता पोटापुरता उद्योग. प्रभाकरचं खरं काम म्हणजे लंगोट्या.

त्याचं लहानपण पोशेऱ्याला महादूमामाकडे गेलं. हा मामा ठाण्याला बांधकामावर मजुरीला जायचा आणि एकदा येताना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन आला. कॅसेट एकच. तिच्यावरचं नाव परदेशी लिपीतलं, ते कुणाला वाचता येईना. हीरोच्या कमरेला लाल फडकं होतं म्हणून गावाने त्याचं नाव लंगोट्या ठेवलं. हा लंगोट्या पाच लेव्हल ओलांडून एका झुलत्या पुलाशी यायचा आणि तिथे चित्र थिजायचं. सगळा गाव म्हणाला, कॅसेट खराब आहे. एकट्या प्रभाकरने ठरवलं की गोष्ट अर्धवट राहिली आहे आणि या माणसाला पुलापलीकडे न्यायला हवं.

गेली चौदा वर्षं तो त्याला पलीकडे नेतो आहे. गेम बनवायला तो व्हिडिओ बघून शिकला. तीन लॅपटॉप जाळले आणि त्यातल्या दोहोंचे पंखे स्वतः बांधले. त्याच्या लंगोट्याची उडी माझी आहे. आधी माणूस वर जातो, मग पोट जातं. माणूस खाली येतो, मग पोट येतं. इतका टिकाऊ मी आजवर दुसरीकडे कुठेच उमटलेलो नाही.

मधे आम्हाला इंटरनेटवर या जुन्या गेमचे भक्त सापडले. देशोदेशीची माणसं, पण सगळी प्रभाकरसारखीच. त्यांनी सांगितलं की मूळ गेमला पुलापुढे आणखी तीन लेव्हल होत्या, आमची कॅसेट चोरटी आणि तोडलेली होती. मला वाटलं, आता हा खचणार. प्रभाकर खूश झाला. "म्हणजे पलीकडे काहीतरी आहे हे बरोबरच होतं की." त्याने त्या तीन लेव्हल बघितल्यासुद्धा नाहीत. उलट ती मंडळीच याच्या लेव्हलींवर लट्टू झाली आणि कधी पुरा होणार म्हणून विचारू लागली. प्रभाकर सांगायचा आणि मी इंग्रजीत लिहायचो, "भात झोडून झालं की पुरा होईल." एकाने नेमकी तारीख विचारली. प्रभाकर म्हणाला, "पावसावर आहे असं लिहा." तेव्हापासून ती माणसं आमच्याकडचा पाऊस विचारतात.

मी पण या नादात पुरता सापडलो. नवी लेव्हल आली की गिऱ्हाइकाचा फॉर्म बाजूला राहायचा. लंगोट्या पूल ओलांडायचा आणि समोरून राक्षस यायचे. राक्षस कुठले काढायचे? प्रभाकरने ओळखीचे काढले, आपल्या बोहाड्यातले, म्हणजे गावच्या मुखवटे नाचवायच्या उत्सवातले. रावण, त्राटिका, वेताळ, सगळी मुखवट्यांची सोंगं. तीन दगड मारले की भडका उडून जळून जायची. काय मजा यायची, विचारू नका. मी एकट्याने एका दुपारी अकरा त्राटिका जाळल्या होत्या.

मग प्रभाकर पोशेऱ्याला सखूआजीच्या गिरणीची मोटार बसवायला गेला, आणि लॅपटॉप घेऊन गेला. मीही सोबत होतो. आजीच्या घराकडे बोहाड्यातल्या त्राटिकेचा मान. मुखवटा त्यांच्याच देव्हाऱ्याजवळ असतो, नाचवायचा त्यांच्याच माणसाने. ही गोष्ट त्या क्षणी आम्हा दोन शहाण्यांच्या ध्यानात नव्हती. प्रभाकरने कौतुकाने आजीसमोर तिच्या घरची त्राटिका जाळून दाखवली.

आजी ओरडली नाही. तिने पडद्याकडे बघितलं आणि हळू विचारलं, "सोंगाला मारतोस काय रं? सोंग मरत नाय. संबळ वाजवला का नाचतं, आन् घरला जातं."

दुसरा कुणी सॉरी म्हणाला असता. प्रभाकरने परत येऊन नऊ वर्षांचं काम मोडलं. आता लंगोट्याच्या हातात दगड नाही, गळ्यात संबळ आहे. ताल बरोबर धरला तर सोंग नाचतं, हात वर करतं आणि आल्या वाटेने जातं. ताल चुकला तर तिथेच उभं राहतं आणि वाट अडते. हा ताल बसवायला दोन वर्षं त्याने माझं काउंटर बडवलं. वरच्या काचेला तडा गेला. पण हा नवा गेम देशोदेशीच्या मंडळींनी खेळून बघितला तेव्हा एकाने लिहिलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा शत्रू गेल्याचं वाईट वाटलं. ते मी प्रभाकरला तीनदा वाचून दाखवलं.

आता फक्त शेवटचं सोंग राहिलं होतं, वेताळ. ते यंदाचं वर्षभर राहिलंच. माझ्या मते सगळं तयार होतं. ताल होता, वाट होती. पण वेताळ शेवटच्या पुलावर आला की प्रभाकर लॅपटॉप मिटायचा. "एक वेढा कमी पडतोय." मी चिडायचो, ती मंडळी पाऊस विचारायची, आणि हा वेताळाचं चालणं पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसायचा.

मागच्या महिन्यात सखूआजी पेन्शनच्या कामाला माझ्या दुकानात आली. अंगठा घेतला, पण मशीन अडकलं. आजीला बसवलं तर तिची नजर माझ्या काउंटरवर लॅपटॉप उघडून बसलेल्या प्रभाकरच्या पडद्यावर. पुलावर वेताळ येत होता, उजवा पाय किंचित ओढत.

"ह्यो तं महाद्याचा पाय," आजी म्हणाली.

प्रभाकर लॅपटॉप मिटायला गेला आणि थांबला. मग मला कळलं. पोशेऱ्याचा वेताळ महादूमामा नाचवायचा. ठाण्याला बांधकामाच्या परांचीवरून पाय घसरला आणि कायमचा अधू झाला, तरी तो त्या पायाने नाचायचा, आणि गावाला वेताळ तसाच आवडू लागला होता. मामा गेला तेव्हा प्रभाकर कामाला बाहेर होता. पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. त्यानंतर तो बोहाड्याला गेलाच नाही.

"वाजवला की जाईल तो," प्रभाकर माझ्याकडे न बघता म्हणाला. चौदा वर्षं मी या माणसाला विक्षिप्त समजत होतो. मला फार लाज वाटली.

"जाईल तं जाईल," आजी म्हणाली. "पुढल्या सालाला येल. दारात किती उभा ठेवशील त्याला? वाजव."

प्रभाकरने वाजवलं. एकही ठोका चुकला नाही. वेताळ नाचला, त्याने हात वर केले आणि पाय ओढत ओढत पूल ओलांडून गेला. पडद्यावर माझ्या पोटाचा लंगोट्या तेवढा राहिला. प्रभाकरने चष्मा काढून शर्टाला पुसला. मलाही पुसायला काही हवं होतं, मी काउंटर पुसलं.

आजी सांगू लागली की मामा गेल्यापासून वेताळाचा मुखवटा तिच्याच घरी ठेवलेला आहे, न्यायला कुणी आलंच नाही.

"आजी, मला नाचता येत नाही," प्रभाकर म्हणाला.

आजीने पडद्याकडे बोट दाखवलं. "पाय तं तुला ठाव हाय."