पडद्याआडची कवळी

बसा. स्टूल ओढा जवळ. माझ्या बोलण्यातून हवा जाते, तेवढं सांभाळून घ्या. तोंडात दात नाहीत. ते कुठं गेले तेच सांगतो, ऐकण्यासारखं आहे.

माणूस मरतो, ही गोष्ट ह्या दवाखान्याच्या जरा उशिरानं लक्षात आली. तोवर पेशंट आपापले मरायचे, कुणाला न विचारता. मग मोठ्या डॉक्टरांनी मीटिंग घेतली (ती चालू असताना चौघं गेले, पण ते जुन्या पद्धतीनं) आणि ठरलं, की इथून पुढं माणूस सन्मानानं जाईल. त्यासाठी वॉर्डाच्या ह्या टोकाला हा हिरवा पडदा लावला. पडद्याच्या आत जो असेल त्याच्याशी गोड बोलायचं. बाहेरच्यांशी पूर्वीसारखंच. (मी तेव्हा बाहेर होतो, पडद्याला लागूनच्या खाटेवर, मांडीचं हाड मोडून. पाणी मागितलं की सिस्टर म्हणायची, "आजोबा, हात नाही मोडलेले तुमचे.")

आत पहिला गेला माझ्या शेजारचा गवंडी. छातीत जन्मभराचं सिमेंट. नेल्या नेल्या त्याची कवळी काढून घेतली. नियमच आहे: सन्मानाच्या माणसाच्या किमती वस्तू हरवू नयेत, म्हणून कुलपात. मग गोड आवाजाची एक बाई आली. हात हातात घेऊन म्हणाली, "बाबा, काय इच्छा आहे तुमची?"

"दात."

बाईनं हातातला इच्छांच्या यादीचा कागद बघितला. त्यात समुद्राचं चित्र होतं, बासरी होती, पायाला तेल होतं. दात नव्हते.

"कुलपातलं सामान घरी जाताना मिळतं, बाबा. नाहीतर नातेवाइकांना."

"म्हणजे मी मेल्यावर?"

"तसं आम्ही म्हणत नाही."

आणि बासरी लावून गेली.

गवंड्याची अडचण वेगळी होती. शनिवारी त्याचा धाकटा भाऊ यायचा होता. तोही गवंडी. कधीकाळी दोघांनी मिळून बांधलेली एक भिंत वाकडी निघाली, तेव्हापासून बोलणं बंद. आता ह्याला भावाला मनापासून शिव्या द्यायच्या होत्या.

"बोळक्या तोंडानं शिवी दिली की लाडात आल्यासारखी वाटते रे," तो मला पडद्यातून म्हणाला. "त्याला वाटेल, म्हाताऱ्यानं माफ केलं."

शनिवारी भाऊ आला. पिशवी छातीशी धरून दारातच उभा. मी माझी कवळी काढली, पेल्यात खळबळली आणि पडद्याखालून पलीकडं दिली. गवंड्याला मोठी झाली, घोड्यासारखा दिसायला लागला. पण शिवी काय खणखणीत गेली!

"हरामखोरा, ओळंबा तू धरला होतास!"

"सरळच धरला होता, दादा! डोळा तुझा तिरका!"

"आणि पाया? पाया काय तुझ्या सासऱ्यानं खणला?"

असं तास-दोन तास. भाऊ कधी पलंगावर बसला, ह्याचे पाय कधी मांडीवर घेतले, दोघांनाही कळलं नाही. पाय दाबतोय आणि उलट शिव्या देतोय. गोड बाई दोनदा येऊन सांगून गेली, "हळू. इथं माणसं शांतपणे जातात." संध्याकाळी गवंडी एका शिवीच्या मधेच गेला.

भाऊ बराच वेळ म्हणत होता, "पुढं बोल की, दादा."

दवाखान्यानं नोंद केली. इच्छा: बासरी. समाधान: शंभर टक्के. (बाईंचा सत्कार झाला. मीही टाळ्या वाजवल्या. हात नाही मोडलेले माझे.)

पण मयताच्या नावावर कवळ्या निघाल्या दोन. एक कुलपात, एक तोंडात. चौकशी बसली आणि दोन्ही कुलपात गेल्या. मी म्हटलं, "एक माझी आहे. घालून दाखवतो." कारकून म्हणाला, "पुराव्याला तोंड लावता येत नाही."

असो. परवा मलाही पडद्याच्या आत आणलंय. छातीत पाणी झालंय म्हणे. सिस्टर न मागता पाणी देते. आणि तुम्ही! इतकी वर्षं शेजारी राहून जिन्यात मान वळवून जायचा, आज फळं घेऊन आलात, "भाऊ, भाऊ" करताय. मी काय समजायचं ते समजलो. राग नाही.

रविवारी माझा मेव्हणा यायचाय. बहिणीच्या आजारपणात जो फिरकला नाही तो. त्याच्याशी मला दोन शब्द बोलायचेत, आणि लाडात आल्यासारखे नकोत. मघाशी तुम्ही हसलात तेव्हा तुमची वरची कवळी हलली, मी बघितलं. माप माझ्याएवढंच दिसतंय.

काढा जरा. ह्या पेल्यात टाका.